पित्ताचा जुना त्रास असेल तर एंडोस्कोपी करावीच लागते का, की गोळ्यांवर भागते?

तालुक्याला एंडोस्कोपीची, म्हणजे तोंडातून नळी घालून जठर आतून पाहण्याची, सोय नाही, मग केवळ पित्तासाठी शहराचा खर्च करावा का, असे आपण विचारले आहे. धोक्याची लक्षणे असतील तर माझ्या मते करावा. हाच प्रश्न सहा वर्षांपूर्वी आमच्या घरात पडला होता आणि आम्ही त्याचे उत्तर चुकीचे दिले होते.

आमचे गाव गेवराई तालुक्यातले. वडिलांनी बावीस हंगाम ऊसतोड केली. फडावर एक दिवस पडून राहिले तरी मुकादम खाडा धरतो, त्यामुळे कंबर धरली की अंगदुखीची गोळी पहाटे उपाशीपोटी कोऱ्या चहाबरोबर घ्यायची आणि कोयता उचलायचा, हा त्यांचा नेम होता. पुढे बेंबीच्या वर आग होऊ लागली. तिला घरात पित्त हे नाव पडले आणि मीच मेडिकलमधून पँटोप्राझोल या पित्ताच्या गोळीची पाकिटे आणून देऊ लागलो. डायक्लोफेनॅकसारखी अंगदुखीची गोळी जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करते आणि पित्ताची गोळी आग झाकू शकते पण मूळ कारण काढत नाही, हे मला ठाऊक नव्हते. वडील दोन्ही एकाच घोटात घेत.

त्या वर्षी पट्टा पडून, म्हणजे गाळपाचा हंगाम संपून, ते घरी आले तेव्हा त्यांना डांबरासारखी काळी, चिकट शौचास होऊ लागली. मी शहरात न्यायचे म्हणत होतो, पण दाजी ठाम होते: ही मूळव्याध आहे, ठेच्याने उष्णता वाढली आहे, आणि तोंडातून नळी घालणे हा पैसे काढण्याचा धंदा आहे. मूळव्याधीचे रक्त लाल असते, डांबरासारखी काळी शौच म्हणजे बहुधा वर, जठराच्या बाजूला, रक्तस्राव होत आहे, एवढे एक वाक्य तेव्हा मला बोलता आले असते तर वाद तिथेच मिटला असता. दाजींच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे आठ दिवस सलाईन चालले. नवव्या दिवशी वडील चुलीपाशी बसल्या जागी कलंडले. संभाजीनगरला घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी रुग्णालयात, पोहोचलो तेव्हा हिमोग्लोबिन अवघे ४.८ होते.

रक्ताच्या तीन पिशव्या चढल्यावर एंडोस्कोपी झाली. लहान आतड्याच्या सुरुवातीलाच व्रण होता. जठरातून काढलेला कणभर तुकडा पिवळ्या पट्टीवर ठेवला होता. ती गुलाबी झालेली डॉक्टरांनी मला दाखवली. गुलाबी म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा व्रण करू शकणारा जंतू. आपल्याकडे तो बहुधा लहानपणीच पोटात शिरतो. पोटाच्या आजाराला हा जंतू कारण ठरतो हे दाखवायला ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हे जंतू स्वतः पिऊन पाहिले, या शोधासाठी २००५ मध्ये त्यांना सहकारी रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळाले, तरीही दाजी आजतागायत ठेच्यालाच दोष देतात.

उपचार चौदा दिवसांचे होते. पाचव्या दिवशी तोंड कडू पडल्यामुळे वडील गोळ्या सोडू पाहत होते, तेव्हा मी समोर बसून त्या घ्यायला लावल्या. अर्धवट औषधाने हा जंतू आणखी चिवट होतो आणि भारतात काही प्रतिजैविकांना तो आधीच दाद देत नाही. औषधे संपल्यावर निदान चार आठवडे थांबून फेरतपासणी करावी लागते आणि तिच्याआधी दोन आठवडे पित्ताची गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही अहवाल नकारार्थी येऊ शकतो.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगायला हवे होते. प्रत्येक पित्ताला नळी लागत नाही. वय कमी असेल आणि धोक्याची लक्षणे नसतील तर शौचाच्या किंवा श्वासाच्या तपासणीवरही जंतू कळतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. मात्र डांबरासारखी काळी शौच, वजन घटणे, घास अडकणे, रक्ताची उलटी, रक्तक्षय किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असेल तर खर्चाचा हिशेब करत बसू नये, आणि जाताना चालू गोळ्यांची सगळी पाकिटे सोबत न्यावीत.

दाजी आता छप्पन्न वर्षांचे आहेत आणि गेल्या वर्षीपासून रोज सकाळी पँटोप्राझोल घेतात. हे उत्तर त्यांनाही पाठवणार आहे.