आल्यो ए ओल्यो कोरडं आणि तेलकट होतंय? पास्त्याचं पाणी ओतून देऊ नका

तुम्ही लिहिलंय की घरात स्पगेटी, लसूण, ऑलिव्ह ऑइल आणि सुकी मिरची एवढंच होतं म्हणून आल्यो ए ओल्यो करून बघितलं, तर लसूण कडू लागला, पास्ता कोरडा झाला आणि ताटलीत तळाला नुसतं तेल, तर आता क्रीम घालू की चीज. दोन्ही नको. नावाचा अर्थच लसूण आणि तेल, नेपल्सकडचा साधा घरगुती पदार्थ आहे हा, रात्री उशिरा भूक लागली की घरात आहे त्यातून होणारा, आणि लागतं ते सगळं तुमच्याकडे होतं. बिघडलंय ते लसूण तळण्यात आणि पाण्यात.

लसणाचं आधी सांगते. आपला हात फोडणीचा, तेल कडकडीत तापवून लसूण टाकला की क्षणात लाल. वरणाला ती फोडणी छानच लागते कारण खाली पातेलंभर वरण असतं, इथे लसणाची कडू चव झाकायला दुसरं काहीच नाही. म्हणून तेल गार असतानाच लसूण घालायचा आणि मग गॅस लावायचा, अगदी बारीक. पातळ चकत्या करा, ठेचू नका, ठेचलेला भराभर करपतो. पाच-सहा मिनिटं लागतात, तिथून हलू नका. कडा जेमतेम सोनेरी व्हायला लागल्या की मिरची चुरडून घाला आणि लगेच पास्त्याचं डावभर पाणी, जरा जपून कारण चरचरतं, पण त्याने तेल निवतं आणि लसूण पुढे लाल होत नाही.

आता हे पाणी. पास्ता शिजताना त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो, भाताची पेज होते तसंच. तेल आणि साधं पाणी एकत्र राहत नाही पण ही पेज घालून जोरात हलवलं की दोन्ही धरून राहतं आणि पास्त्याला चिकटतं. पिठलं मिळून आलंय की नाही हे आपण बघतो ना, तेच इथे बघायचं. तुमच्या ताटलीत तेल वेगळं साचलं म्हणजे ते मिळून आलंच नाही, बहुतेक पास्ता चाळणीत ओतला, पाणी बेसिनमध्ये गेलं, आणि वरून गार पाण्याने धुतला असेल तर अंगावरचा उरलेला स्टार्चही गेला. धुवायचा नाही कधीच. शिजवताना पाण्यात तेल पण घालायचं नाही, त्याचा काही उपयोग नाही.

दोघांसाठी माझं प्रमाण असं: २०० ग्रॅम स्पगेटी, दीड लिटर पाणी (कमी पाण्यात पेज दाट होते म्हणून मुद्दाम कमी), त्यात दोन सपाट चमचे मीठ, लसणाच्या मोठ्या पाकळ्या ४-५, गावरान बारीक असेल तर १०-१२, तेल ४ मोठे चमचे, सुक्या मिरच्या १-२. तेलात मीठ घालायचं नाही, सगळं मीठ पाण्यातूनच येतं त्यामुळे पाणी चाखून बघा, चांगलं खारट लागलं पाहिजे. पाकिटावर १० मिनिटं लिहिलं असेल तर आठव्या मिनिटाला चिमट्याने उचलून थेट पॅनमध्ये, सोबत अजून डावभर पाणी, आणि आता गॅस मोठा करून दीड-दोन मिनिटं सतत हलवत राहा. आधी पाणीदार दिसेल, घाबरू नका, मग एकदम चकचकीत होतं. तेव्हा बंद. ताटलीत गेल्यावर आणखी आळतं, म्हणून थोडं सैल असतानाच काढा.

पाकिटावर ड्युरम व्हीट सेमोलिना लिहिलेलं बघून घ्या. इटलीत बनणारा सुका पास्ता १९६७ पासून कायद्याने ड्युरमचाच लागतो आणि त्याला कारण आहे, हा गहू कडक असतो, शिजून लगदा होत नाही. आपला बन्सी रवा पण ड्युरमचाच. मैद्याचा पास्ता या पदार्थात टिकत नाही, शेवटच्या हलवण्यात तुटतो. आणि तेल एक्स्ट्रा व्हर्जिनच हवं, पोमेस (ऑलिव्हच्या उरलेल्या चोथ्यातून काढलेलं) नाही, पराठ्याला ते चालेल पण इथे तेलाचीच चव खायची आहे. मिरची बेडगी घेतलीत तर रंग येईल, तिखट नाही येणार, मी एक लवंगी घालते.

पार्स्ली मिळाली तर बारीक चिरून शेवटी, नाही मिळाली तर राहू द्या. कोथिंबीर मला तरी इथे आवडत नाही, लसणाचा वास मागे पडतो.

आणि वर काहीतरी पाहिजेच असेल तर शिळा पाव चुरून चमचाभर तेलात खरपूस परतून वरून पेरा. दक्षिण इटलीत चीजच्या ऐवजी हेच घालतात. फक्त अगदी खाताना घाला, आधी घातलं तर मऊ पडतं.