कर्ज कॉलेजच्या सरासरी पगारावर बेतू नका

तुम्ही लिहिता, मुलीला चार वर्षांच्या व्यवस्थापन पदवीला प्रवेश मिळतोय. 6 लाखांचा खर्च पूर्ण कर्जातून करायचा, व्याज 10 टक्के, फेड नोकरी लागल्यावर 10 वर्षांत. कॉलेज सरासरी पगार वर्षाला 6 लाख सांगतं, म्हणजे कर्ज एका वर्षाच्या पगाराएवढं, तेव्हा झेपेल, असा तुमचा आडाखा. आडाखा चांगला आहे. मला पटत नाही तो सरासरीचा आकडा.

दहापैकी नऊ जणांना 4 लाख आणि एकाला 24 लाख मिळाले, तरी सरासरी 6 लाखच येते. प्रत्यक्षात 6 लाख कोणालाच मिळालेले नसतात. म्हणून क्रमाने मधोमध येणाऱ्या विद्यार्थ्याचा पगार विचारा. सरासरी काढताना नोकरी न लागलेले वगळलेत का, हेही विचारा. उत्तर लेखी घ्या.

दरवर्षी दीड लाख उचललेत, तर सरळ व्याजानेच शिक्षण संपेपर्यंत कर्ज 7.5 लाखांवर जातं. मग महिन्याचा हप्ता सुमारे 9,900 आणि एकूण फेड जवळपास 11.9 लाख. 6 लाखांच्या पगारात हा हप्ता 20 टक्के होतो, 4 लाखांच्या पगारात 30 टक्के, तोही कर कापण्याआधी. नव्याने कमावू लागलेल्या मुलीच्या डोक्यावर एवढा भार नको. शिकत असतानाच व्याज भरत गेलात, तर हप्ता 7,900 वर येतो.

डॉक्टर किंवा वकील व्हायचं तर पदवीवाचून परवानाच नाही. व्यवस्थापनात तशी अट नसते. मायकल स्पेन्स यांनी 1973 मध्ये मांडलं होतं की पदवी ही मालकासाठी उमेदवाराच्या कुवतीची खूण असते, मग तिथे काम शिकवलेलं असो वा नसो. त्यांना 2001 चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. तेव्हा या कॉलेजची खूण मालक मानतात का, हे तिथल्या माजी विद्यार्थ्यांकडून काढा. अभ्यासक्रमात कंपनीत जाऊन करायचं काम किती महिने आहे, तेही पाहा. मुलगी कामाला तयार होईल ती मुख्यतः तिथेच.

मला सर्वांत जास्त काळजी शिक्षण अर्धवट सुटण्याची वाटते. पदवी हाती येत नाही, कर्ज मात्र राहतं, आणि सहकर्जदार म्हणून बँक तुमच्याकडे येते. मुलीला हा विषय मनापासून हवाय का, हे आधी तिच्याशी बोला.

मधला पगार 4 लाख निघाला, तर कर्ज 4 लाखांवर थांबवा. उरलेले 2 लाख शिष्यवृत्तीतून किंवा बचतीतून उभे राहत नसतील, तर स्वस्त कॉलेज निवडा. निवृत्तीच्या पैशांना हात लावू नका.