बँड ‘भेटतो’ की ‘सापडतो’?

दर्यापूर तालुक्यातल्या एका वाचकाची विचारणा आहे. ते आणि त्यांचे मित्र प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे नेहमीच्या गाण्याची चौकट ओलांडणारं रॉक संगीत, ऐकतात. कोणाला काही नवं ऐकायला मिळालं की तो बाकीच्यांना कळवतो. त्यांनी असंच एकदा लिहिलं, “मला परवा कॅमल नावाचा बँड भेटला, ‘मिराज’ ऐकाच.” पुण्यात शिकायला गेलेल्या मित्राने लगेच टोकलं की माणूस भेटतो, बँड सापडतो. तर बरोबर काय? सोबत दोन उपप्रश्न आहेत. ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ला ‘पुरोगामी रॉक’ म्हणावं का? आणि या गाण्यांत सात-सातचे, पाच-पाचचे ठेके येतात, त्यांना मराठीत काय म्हणायचं?

‘भेटला’ अगदी बरोबर आहे. मी तर म्हणेन, या जागी त्याहून चांगलं क्रियापद मिळणं अवघड.

आमच्याकडे अमरावती-अकोल्यापासून पार भंडारा-चंद्रपूरपर्यंत ‘भेटणे’ हे माणसापुरतं नाही. पगार भेटतो, बस भेटते, पीककर्ज भेटतं. “कापसाले भाव नाही भेटून राहिला” हे वाक्य दर हंगामात कानावर पडतं. मराठवाड्यात आणि खानदेशातही ही बोलण्याची रीत आहे. प्रमाण मराठीत मात्र वस्तू मिळते, हरवलेलं सापडतं आणि माणूस भेटतो, अशी वाटणी झालेली आहे. तुमच्या मित्राच्या कानाला खटकलं ते त्यामुळे.

आमच्याकडे ‘भेटणे’ असं का पसरलं, याचं कारण सहसा हिंदीकडे बोट दाखवून दिलं जातं. वऱ्हाड 1903 साली मध्य प्रांताला जोडला गेला, नागपूर तर आधीपासून त्यातच होतं, आणि 1956 पर्यंत हा सगळा मुलूख हिंदी भाषकांबरोबर एकाच राज्यात नांदला. हिंदीत ‘मिलना’ दोन्हीकडे चालतं, किताबही मिलती है आणि दोस्तही मिलता है. या शेजाराचा परिणाम झाला असणार, हे मला पटतं. पण सगळं श्रेय हिंदीला देऊ नये. ‘भेट’ हे नाम पाहा. प्रमाण मराठीतही त्याचे दोन अर्थ आहेत, गाठ पडणं आणि नजराणा. ‘पुस्तक भेट मिळालं’, ‘भेटवस्तू’ हे कोणालाच खटकत नाही. म्हणजे मिळण्याचा अर्थ या शब्दाच्या पोटात आधीपासून होता. तो नामापुरता न ठेवता विदर्भाने क्रियापदातही वापरला.

आता बँडच्या बाबतीत हे क्रियापद इतकं चपखल का बसतं, ते सांगतो. ‘शोध लावला’ घ्या. शोध लावायचा तर ती गोष्ट आधी कोणालाच ठाऊक नसावी लागते. कॅमल 1971 पासून वाजवत होते आणि त्यांचा ‘मिराज’ हा अल्बम 1974 साली आला, तेव्हा त्यांचा शोध आपण लावला असं म्हणता येत नाही. ‘सापडला’मध्ये हरवण्याची किंवा लपलेलं असण्याची छटा आहे. पाकीट सापडतं, चोर सापडतो. ‘मिळाला’ ठीक आहे, पण त्यात फक्त प्राप्ती आहे, ओळख नाही. ‘शोधून काढला’ हे कष्टाचं क्रियापद. इटलीचा प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी हा बँड कोणाच्या बोलण्यात फारसा येत नाही. इंग्रजी नावांच्या गर्दीतून तिथवर कोणी स्वतःहून पोचला असेल, तर त्याने खुशाल ‘शोधून काढला’ लिहावं.

पण बहुतेकदा आवडता बँड आपल्यापर्यंत असा येतच नाही. कोणाच्या तरी ओळखीने येतो. पोर्क्युपाइन ट्री या बँडच्या स्टीव्हन विल्सनने किंग क्रिमझन, येस आणि जेथ्रो टल या बँडांच्या जुन्या अल्बमांचं नव्याने ध्वनिमिश्रण केलं, आणि त्याला ऐकणारी कितीतरी पोरं तेवढ्या धाग्यावर 1969 च्या ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग’पर्यंत गेली. एका दोस्ताने दुसऱ्या दोस्ताशी गाठ घालून द्यावी तसं हे आहे. आपल्या गावातला संवाद ऐका:

“काय आयकून राहिला बे?”
“कॅमल. परवा भेटला. ‘स्नो गूज’ म्हणून आहे, पुऱ्या अल्बमात गाण्याचे बोलच नाही राज्या, पण तू आयकून तं पाह्य.”

या ‘भेटला’त प्राप्ती, ओळख आणि थोडं नशीब, तिन्ही आहेत. ‘सापडला’ घातलं की यातली ओळख जाते. (‘द स्नो गूज’ 1975 चा. ज्याला इंग्रजी शब्द पकडता येत नाहीत म्हणून या संगीताची धास्ती वाटते, त्याला पहिल्यांदा तोच ऐकवावा.)

व्याकरणाचा एक बारकावा ध्यानात ठेवा. ‘मला बँड भेटला’ आणि ‘मी बँडला भेटलो’ ही वाक्यं एक नाहीत. दुसऱ्यात तुम्ही स्वतः उठून त्या कलाकारांपुढे उभे राहिलात. पहिल्यात ‘मला’ आहे, म्हणजे गोष्ट तुमच्याकडे चालून आली. सापडणे, मिळणे, आवडणे, सुचणे या सगळ्यांची ठेवण हीच आहे, अनुभवणाऱ्याला ‘ला’ लागतो आणि क्रियापद गोष्टीच्या मागे जातं. वऱ्हाडीत ‘मले’ म्हणा, ठेवण तीच राहते.

अडचण एकच आणि ती खरी आहे. लग्नसराईत “बँड भेटला का?” म्हणजे वरातीसाठी बँडवाले ठरले का. खेड्यात ‘बँड’चा पहिला अर्थ अजून ट्रम्पेट-ढोलवाल्यांचा आहे आणि तो जुना, हक्काचा अर्थ आहे. म्हणून नाव आधी घ्यावं. ‘कॅमल नावाचा बँड भेटला’ यात घोटाळा होत नाही, आणि तुम्ही तसंच लिहिलं होतं. अर्ज, परीक्षा किंवा बाहेरगावच्या मासिकासाठी लेख असेल तर ‘मिळाला’, ‘ऐकण्यात आला’ वापरा. दोस्तांशी बोलताना दुरुस्तीची गरज नाही.

‘पुरोगामी रॉक’ मात्र नको. ‘पुरोगामी’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे समाजसुधारणेचे विचार येतात, आणि ‘प्रगतिशील’ म्हटलं की ठिबक बसवणारा, नवं वाण लावणारा शेतकरी. दोन्ही शब्द आपापल्या कामात गुंतलेले आहेत. इथे ‘प्रोग्रेसिव्ह’चा रोख संगीताच्या बांधणीवर आहे. तीन मिनिटांचं गाणं, कडवं-धृपद-कडवं, ही चौकट 1960 च्या दशकाच्या अखेरीस काही इंग्रज वादकांनी ओलांडली आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, जॅझ, लोकसंगीत रॉकमध्ये आणलं. ‘क्लोज टू द एज’ हे येसचं 1972 चं गाणं तबकडीची एक अख्खी बाजू व्यापतं. त्याच वर्षी जेथ्रो टलने ‘थिक ॲज अ ब्रिक’ हे एकच गाणं दोन्ही बाजूंना पसरवलं. हे सगळं एका मराठी विशेषणात मावत नाही, आणि मावायलाच हवं असंही नाही. ख्याल, गझल, कव्वाली ही नावं आपण जशीच्या तशी घेतली. ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ किंवा लाडाने ‘प्रोग’ राहू द्या.

नाव उसनं राहिलं तरी वर्णन उसनं नको, कारण इथे आपली भाषा श्रीमंत आहे. पिंक फ्लॉइड या बँडचं 1973 चं ‘मनी’ हे गाणं ऐका. सुरुवातीला नाणी खुळखुळतात, कागद फाटतो, गल्ल्याचा खटका वाजतो, आणि हे आवाज ठरलेल्या क्रमाने फिरत राहतात. मोजून पाहा, सात मात्रांचं आवर्तन आहे. मग बास गिटार त्याच सातावर येते. याला ‘विषम मात्रांचा ठेका’ म्हणा, कोणालाही कळेल. गावच्या भजनात खंजिरी वाजवणाऱ्याला ‘मात्रा’, ‘सम’, ‘आवर्तन’ समजावून सांगावे लागत नाहीत. तुम्ही त्याला फक्त “सात मात्रा आहेत, काका” म्हणा, तो मांडीवर मोजायला लागेल.

पण ‘मनी’ रूपक तालात आहे, असं लिहू नका. रूपकातही मात्रा सातच, पण त्याचे खंड तीन-दोन-दोनचे, त्याची सम ‘खाली’वर, म्हणजे टाळी न देण्याच्या जागी, पडते आणि त्याचे तबल्याचे बोल ठरलेले आहेत. मात्रा जुळल्या म्हणून ताल जुळला असं होत नाही. ‘सात मात्रांचं’ एवढं पुरे. पुढे त्याच गाण्यात सॅक्सोफोनचा एकलवादनाचा तुकडा सातातच चालतो आणि गिटारचा सुरू होताना ठेका चारावर येतो. हा बदल दोस्तांना कळवायचा असेल तर ‘गिटार आली आणि ठेका सातावरून चारावर उतरला’ असं लिहा.