अंधारात टॉर्चच्या रेघोट्या

प्रश्न : कॅमेऱ्याचं आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/५.६ ठेवलं. ३० सेकंदांचं एक्स्पोजर देऊन, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवून, गच्चीवर टॉर्चने हवेत नाव लिहिलं. अक्षरं उमटली, पण मागचं आकाश दुधट झालं. १५ सेकंद ठेवले तर नाव अर्धंच होतं.

उत्तर : शटर उघडं असेपर्यंत आकाशाचा प्रकाश साठत जातो. टॉर्च मात्र फ्रेममधल्या एका जागी क्षणभरच असतो, म्हणून रेघेचा उजळपणा शटरच्या वेळेवर नाही, तर अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि हाताच्या वेगावर ठरतो. आयएसओ १००च ठेवा आणि एफ/५.६ वरून एफ/११ वर या, म्हणजे छिद्र लहान होईल. आकाशाचा उजेड चौथाईवर येईल. रेघही तेवढीच मंदावेल. पण ती उजळावी म्हणून हात सावकाश फिरवलात तर नाव पुन्हा अर्धंच, त्यापेक्षा जोरदार टॉर्च घ्या.

प्रश्न : अक्षरं उलटी येतात आणि मी भुतासारखा मधे दिसतो.

उत्तर : कॅमेऱ्याकडे तोंड करून लिहिलं की अक्षरं उलटणारच. फोटो नंतर कॉम्प्युटरवर आडवा फ्लिप करा, मात्र मागे दुकानाची पाटी नसावी! पिकासोने १९४९ साली छायाचित्रकार जॉन मिलीच्या कॅमेऱ्यासमोर उजेडाने हवेत चित्रं काढली. चित्राला ही अडचण नाही. भुतासाठी काळा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि टॉर्चला काळ्या कागदाची नळी गुंडाळा, म्हणजे उजेड तुमच्या अंगावर सांडणार नाही. दोन अक्षरांमध्ये टॉर्चचं तोंड तळव्याने झाका. शिरोरेघ शेवटी, एका दमात ओढा. देवनागरीत लिहिण्याची खरी मजा तिथेच आहे.

प्रश्न : अंधारात फोकस लागत नाही.

उत्तर : जिथे उभे राहणार तिथे टॉर्च पेटवून ठेवा, त्यावर ऑटोफोकस करा आणि लगेच फोकस मॅन्युअलवर टाका, म्हणजे तो पुन्हा हलणार नाही. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद.

प्रश्न : स्टील वूल (लोखंडी लोकर) पेटवून गरगर फिरवायचं आहे. किल्ल्यावर करू का? घरातली तारेची घासणी चालेल?

उत्तर : किल्ल्यावर नाही. दिवाळीनंतर गडावरचं गवत वाळून कोळ होतं, आणि या ठिणग्या जमिनीवर आपटून पुन्हा उसळतात. माझ्या जॅकेटला पडलेली तीन भोकं अजून तशीच आहेत, आणि तेव्हा तर मी ओल्या वाळूवर उभा होतो. भांड्यांची स्टेनलेसची घासणी पेटतच नाही. त्यासाठी सुतार पॉलिशला वापरतात ती केसासारखी बारीक लोखंडी लोकर लागते. समुद्रकिनारी, भरतीने भिजलेल्या वाळूवर, वारा पडलेला असताना करा. चष्मा, टोपी, सुती कपडे आणि पाण्याची भरलेली बादली हवीच. पहिल्यांदाच करत असाल तर फुलबाजीने सुरुवात करा.