सुप्रीम कोर्टात न गेलेल्या न्यायाधीशाची कारकीर्द अपुरी मानायची का?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या फेडरल (केंद्रीय) अपील न्यायालयात आयुष्य काढलेले लर्नेड हँड सुप्रीम कोर्टापर्यंत 'पोहोचू शकले नाहीत', तरी त्यांना एवढं मोठं का मानतात? या 'पोहोचू शकले नाहीत'वरून मी माझ्या सख्ख्या काकांशी चार वर्षं बोलत नव्हते. म्हणून लिहायला बसले.

माझे बाबा जिल्हा न्यायाधीश म्हणून २००४ मध्ये निवृत्त झाले. दर तीन वर्षांनी बदली, नवं क्वार्टर, आमची नवी शाळा. निवृत्तीनंतर घरी जेवण ठेवलं होतं. सगळे नातेवाईक जमलेले असताना काका म्हणाले, "दादा, एवढी हुशारी, एवढा अभ्यास, पण हायकोर्ट काही तुझ्या नशिबी नव्हतं." कुणी काही बोललं नाही. बाबांनी ताटातला भात कालवला आणि तसाच ठेवला. मी तेव्हा वकिलीत नवीन होते. मला त्यांना उत्तर द्यायचं होतं, पण त्या दिवशी सुचलं नाही.

उत्तर मला पुढे हँड यांचा १९३२ चा एक निकाल वाचताना मिळालं. मार्च १९२८ मध्ये दोन टगबोटी व्हर्जिनियाहून कोळशाच्या बार्ज, म्हणजे ओढून न्यायच्या मालबोटी, घेऊन न्यूयॉर्ककडे निघाल्या होत्या. न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ वादळ आलं आणि दोन बार्ज बुडाल्या. वादळाचा इशारा रेडिओवर दिला जात होता, पण या टगबोटींवर चालू रेडिओच नव्हता. मालकांचा बचाव काय, तर या धंद्यात रेडिओ ठेवायची रीतच नाही, बहुतेक कुणी ठेवत नाही. हँड यांनी तो मानला नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की अख्खा धंदाच मागे राहिलेला असू शकतो. काही खबरदाऱ्या इतक्या गरजेच्या असतात की सगळ्यांनी मिळून टाळल्या तरी त्या टाळणं माफ होत नाही, आणि काय गरजेचं होतं हे शेवटी न्यायालय ठरवतं.

हे वाचलं आणि मला विहीर आठवली.

मी पाचवीत असताना बाबा मराठवाड्यातल्या एका तालुक्याला सिव्हिल जज होते. एक दूधवाला पहाटेच्या अंधारात सायकलवरून जाताना गाडीवाटेला लागून असलेल्या विहिरीत पडून गेला. विहिरीला कठडा नव्हता. त्याच्या बायकोने विहीरमालकावर भरपाईचा दावा लावला. मालकाच्या बाजूने तालुक्यातले सगळ्यात नावाजलेले वकील उभे राहिले आणि त्यांचा मुद्दा एकच होता: या शिवारात एकाही विहिरीला कठडा नाही, मग आमच्याच अशिलाला वेगळा न्याय का? दोन्ही बाजूंच्या वकिलांना बरोबर घेऊन बाबा स्वतः जागा बघायला गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती. आईने पाणी दिलं तर तांब्या हातात धरून नुसतेच उभे राहिले.

त्या निकालाची कार्बन प्रत त्यांच्या लोखंडी ट्रंकेत होती. हँड वाचल्यावर मी ती शोधून काढली. त्यातलं वाक्य मला आता पाठ आहे: "रस्त्यालगतच्या अकरा विहिरींना कठडे नाहीत, यावरून एवढंच सिद्ध होतं की अकरा मालक निष्काळजी आहेत." बाबांनी हँड वाचले नव्हते. तालुक्याच्या कोर्टाच्या कपाटात अमेरिकन निकाल कुठून असणार? न्यूयॉर्कमधला एक माणूस आणि माझे बाबा, मध्ये पन्नास-पंचावन्न वर्षं, आणि दोघांनी 'सगळे असंच करतात' या बचावाला सारखंच उत्तर दिलं. पहिल्यांदा जुळवून वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं, ते सांगायला मला संकोच नाही.

आता हँड यांच्याबद्दल. जन्म १८७२ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचा, घराणं वकिलांचं. हार्वर्डला आधी तत्त्वज्ञान, मग कायदा. वकिली काही फारशी चालली नाही. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना न्यूयॉर्कच्या फेडरल जिल्हा न्यायालयावर नेमलं. १९१७ मध्ये, महायुद्धाच्या ऐन ज्वरात, युद्धविरोधी मजकूर छापणारं 'द मासेस' हे मासिक टपालाने पाठवायला पोस्टाने नकार दिला. हँड यांनी पोस्टाला असं अडवायला मनाई केली. कायदा मोडायला थेट चिथावणी दिली नसेल तर सरकारवरची टीका दडपता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. त्याच सुमाराला अपील न्यायालयाच्या रिकाम्या जागेसाठी त्यांचं नाव चर्चेत होतं. ती जागा मार्टिन मँटन यांना मिळाली. याच मँटन यांना पुढे पैसे घेऊन निकाल दिल्याच्या प्रकरणात १९३९ मध्ये राजीनामा द्यावा लागला आणि तुरुंगात जावं लागलं. वरच्या खुर्चीवरून माणूस तोलणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावं.

अपील न्यायालयात, म्हणजे न्यूयॉर्क आणि शेजारच्या राज्यांची अपिलं ऐकणाऱ्या सेकंड सर्किटवर, हँड १९२४ मध्ये गेले. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी नेमलं. ही नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, सेनेट मंजूर करते आणि ती तहहयात असते. आपल्याकडे हायकोर्टाचे न्यायाधीश ६२ व्या वर्षी निवृत्त होतात, तसं तिथे नाही. खटले तिघांच्या पीठापुढे चालतात. सुप्रीम कोर्ट वर्षाला अगदी मोजके खटले घेतं, त्यामुळे बहुतेक पक्षकारांसाठी अपील न्यायालय हेच शेवटचं दार असतं. १९४५ चं ॲल्युमिनियम कंपनीच्या मक्तेदारीचं प्रकरण तर सुप्रीम कोर्टाला ऐकताच आलं नाही, कारण चार न्यायमूर्ती बाजूला झाले आणि गणपूर्ती होईना. तेव्हा अखेरचा निकाल हँड यांच्या कोर्टानेच दिला आणि तो त्यांनीच लिहिला.

१९४२ मध्ये सुप्रीम कोर्टात एक जागा रिकामी झाली. तिथलेच न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी हँड यांच्यासाठी खूप प्रयत्न केले. पण राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीच १९३७ मध्ये सत्तरीपुढचे न्यायमूर्ती थकलेले असतात असा मुद्दा काढून गदारोळ केला होता, आणि हँड सत्तरीचे. नेमले गेले वायली रटलेज, वय ४८. रटलेज १९४९ मध्ये गेले. हँड १९६१ पर्यंत जगले आणि शेवटपर्यंत खटले ऐकत होते. न्यायाधीश म्हणून बावन्न वर्षं. आता सांगा, कोण कुठे पोहोचलं नाही?

तुम्ही कायद्याचे विद्यार्थी असाल असं धरून सांगते. न्यायाधीशाची पदं मोजू नका, निकाल वाचा. आणि घरात कुणी न्यायसेवेत असेल तर निवृत्तीच्या दिवशी त्याला काय मिळालं नाही ते सांगू नका. त्याला ते माहीत असतं. हे मी काकांना पत्रात लिहिलं होतं, सोबत हँड यांच्या निकालाचं भाषांतर आणि बाबांच्या निकालाची झेरॉक्स. फोन आला, "वाचलं," म्हणाले, आणि मग आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. तेव्हापासून बोलतो आम्ही.

दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. हँड यांचं सगळंच मला पटत नाही. १९५० मध्ये अकरा कम्युनिस्ट नेत्यांची शिक्षा त्यांनी कायम केली, तेव्हा 'मासेस'मधला माणूस कुठे गेला असं वाटतं. दुसरं म्हणजे सुप्रीम कोर्ट त्यांना हवं होतं. म्हातारपणी मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ते कबूल केलं आहे. बाबांनाही हायकोर्ट हवं होतं. ते मी इतकी वर्षं काकांपुढे कबूल केलं नाही.

टगबोटींचा निकाल मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोपले. संपल्यावर म्हणाले, "त्या दूधवाल्याच्या बाईची भरपाई वसुलीची दरखास्त पुरी झाली होती का गं? माझी बदली झाली, मग कळलंच नाही. बघशील?"

मी त्या तालुक्याला जाऊन आले. जुनं रजिस्टर काढायला लिपिकाला अर्धा दिवस लागला. रक्कम तीन हप्त्यांत कोर्टात भरली होती, आणि तिन्ही नोंदींपुढे तिचा डाव्या अंगठ्याचा ठसा होता.