जुन्या प्रॉडक्शन ऑर्डर एका रात्रीत टेको करून टाकल्या तर चालतं का?

प्रश्न असा आहे: सॅपमध्ये (कारखान्याचा स्टॉक, ऑर्डर, हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर) शेकडो जुन्या ऑर्डर रिलीज होऊन पडल्यात, त्यांचा माल कधीच गेलाय, आणि साहेब म्हणतायत की सगळ्या एकदम टेको करा, म्हणजे 'काम तांत्रिकदृष्ट्या संपलं' अशी खूण करून बंद करा. करायच्या का?

नका करू. हेच मी एका मीटिंगमध्ये सांगितलं होतं आणि कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तेव्हा मी प्लॅनिंगला होते. एका शाफ्टची मागणी ३०० नगांची. एमडी झिरो फोरमध्ये (स्टॉक आणि मागणी दाखवणारी सॅपची स्क्रीन) स्टॉक शून्य, पण चालू ऑर्डरींतून येणं बाकी ३१८. साहजिकच एमआरपीने (किती बनवायचं, किती मागवायचं याचा हिशेब करणारा सॅपचा भाग) नवी प्लॅन्ड ऑर्डर, म्हणजे उत्पादनाचा प्रस्ताव, काढली नाही. डिस्पॅच तीन दिवसांवर आल्यावर कळलं की ते ३१८ म्हणजे १४ जुन्या ऑर्डरींची शेपटं आहेत. उदाहरणार्थ एक ऑर्डर ५०० ची, चांगले निघाले ४७८, २२ रिजेक्ट. ते २२ कुणी बुकच केले नाहीत, त्यामुळे ऑर्डर उघडी आणि सिस्टीम त्यांची वाट बघतेय. असं चौदा वेळा, आकडे थोडे कमीजास्त.

प्रिंटआउट घेऊन मी शॉपवर गेले. रिजेक्शनच्या लाल पेटीत ते शाफ्ट होते. प्रत्येकाला तारेने टॅग बांधलेला, त्यावर ऑर्डर नंबर, 'ओडी अंडरसाइज' (बाहेरचा व्यास कमी) असं कारण, खाली इन्स्पेक्टरची सही. म्हणजे माहिती सगळी होती, अगदी व्यवस्थित अक्षरात. टर्मिनल तिथून सहा पावलांवर होतं.

मीटिंगमध्ये प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, "ऑर्डर प्लॅनिंग काढतं, तर बंदही प्लॅनिंगनेच करायची." त्या रात्री सगळ्या ऑर्डर टेको झाल्या. ३१८ नाहीसे झाले, नवी प्लॅन्ड ऑर्डर आली, सगळ्यांना हायसं वाटलं. पुढच्या आठवड्यात बार, म्हणजे शाफ्ट ज्यातून कापतात ती सळई, कमी पडला.

का, ते नीट बघा. आमच्याकडे बॅकफ्लश होता, म्हणजे नग तयार झाल्याची नोंद (कन्फर्म) केली की कच्चा माल आपोआप वजा व्हायचा. ४७८ नग कन्फर्म केले की ४७८ नगांचाच बार स्टॉकमधून वजा होतो. उरलेल्या २२ नगांचा बार प्रत्यक्षात कापून, टर्न होऊन लाल पेटीत गेलेला, पण सिस्टीममध्ये तो शिल्लकच. ऑर्डर उघडी असते तोवर त्यावर रिझर्व्हेशन असतं, म्हणजे तो त्या ऑर्डरसाठी राखून ठेवलेला असतो, त्यामुळे तो दुसऱ्या ऑर्डरच्या हिशेबात येत नाही. टेको केलं की रिझर्व्हेशन जातं आणि नसलेला बार मोकळा दिसायला लागतो. एमआरपी तो पुढच्या ऑर्डरला धरतं आणि तेवढ्याची खरेदीची मागणी निघतच नाही. आधी नसलेले शाफ्ट दिसत होते, टेकोनंतर नसलेला बार दिसू लागला.

म्हणून आधी कोगी (वजा होऊ न शकलेल्या मालाच्या नोंदींची सॅपमधली यादी) रिकामी करा. तिथे अडकलेल्या एंट्र्या तशाच ठेवून ऑर्डर बंद करण्यात काही अर्थ नाही. मग एकेक ऑर्डर घेऊन रिजेक्शन शोधा आणि सीओ इलेव्हन एनमध्ये (कन्फर्म करायची स्क्रीन) स्क्रॅप म्हणून बुक करा. येणं बाकी आपोआप कमी होतं, बारही वजा होतो. त्यानंतर टेको. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

फायनान्स मागे लागलं असेल तर त्यांचंही चूक नाही. डिलिव्हरी पूर्ण झाल्याशिवाय किंवा टेको केल्याशिवाय ऑर्डरचा खर्च डब्ल्यूआयपीत (अर्धवट कामाच्या हिशेबात) अडकून राहतो, व्हेरियन्स (ठरलेल्या आणि प्रत्यक्ष खर्चातला फरक) निघत नाही. तुमच्याकडे बॅकफ्लश नसेल आणि पूर्ण लॉटचा माल आधीच २६१ ने (ऑर्डरला माल दिल्याच्या नोंदीचा कोड) इश्यू होत असेल, तर बारचा हा घोळ होणार नाही, टेको बरंच निर्धास्तपणे करता येईल. आणि खरोखर मशीनवर अर्धवट असलेली ऑर्डर मात्र यादीतून वगळा. चुकून झालीच टेको, तर ते मागे घेता येतं.

राहता राहिला प्रश्न ऑर्डर बंद कुणी करायची याचा. साहेबांनी तुम्हालाही "प्लॅनिंगनेच" असं सांगितलं, तर त्यांना तिथल्या तिथे विचारा: २२ नग रिजेक्ट झाले हे प्लॅनिंगला टेबलावर बसून कसं कळणार? टॅग बांधणाऱ्यानेच त्या पाळीत एंट्री करायला हवी. मी तेव्हा हे विचारलं नाही, आणि त्या बारच्या तुटवड्याचा ईमेल माझ्या नावावर आला.