मानपत्रातला ‘अल्पसंतुष्ट’

कोल्हापुरातून प्रश्न आलाय. तिथल्या एका मंडळीतले वडील (वयाने नव्हे, चर्चच्या कारभारातले) पद सोडताहेत. नोकरीत असताना बढतीवर मुंबईला जायला त्यांनी दोनदा नकार दिला आणि इथंच राहून मुलांची शब्बाथशाळा (चर्चमधले रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग) चालवली. मानपत्राच्या मसुद्यात त्यांना ‘अल्पसंतुष्ट’ म्हटलंय. एका बाईंनी हरकत घेतली. शब्द चालेल का?

बाईंचं बरोबर आहे. फोड केली तर ‘थोडक्यात संतुष्ट’, म्हणजे गुणच. पण बोलताना आपण हा शब्द काठावर पास होऊन पेढे वाटणाऱ्याला लावतो. खोट ‘अल्प’मध्ये आहे. वडिलांना जे मिळालं ते थोडं, हे मसुदा लिहिणाऱ्यानं परस्पर ठरवून टाकलं!

‘समाधानी’ लिहा. सम् + आ + धा, म्हणजे नीट एकत्र ठेवणं. म्हणून मराठीत मनाचंही समाधान होतं आणि शंकेचंही. त्यात किती मिळालं याचं माप नाही.

शिवाय हा शब्द चर्चला परका नाही. मराठी बायबलात १ तीमथ्य ६:६ मध्ये भक्तीच्या जोडीला ‘चित्तसमाधान’ आहे. हे वाचताना तुकोबांचं ‘चित्ती असो द्यावे समाधान’ कानात वाजल्याशिवाय राहत नाही. तिथला मूळ ग्रीक शब्द औतार्केइया. त्याचा अर्थ स्वतःपुरतं पुरेसं असणं. आपल्याकडे ‘भागतंय की’ म्हणतात, त्याच्या जवळचा. स्टोइक या प्राचीन ग्रीक पंथाच्या तत्त्वज्ञांना तो प्रिय होता, कारण मग कुणाची गरज उरत नाही. येशूचा प्रेषित पौल यानं त्याला वेगळं वळण दिलं. फिलिप्पैकरांस ४:११ मध्ये, बंदिवासातून लिहिताना, आहे त्या स्थितीत संतुष्ट राहायला आपण ‘शिकलो’ असं तो म्हणतो. म्हणजे हा जन्मजात थंडपणा नव्हे. आणि दोनच ओळींनंतर ते बळ आपलं नाही, देणाऱ्याचं आहे, हेही सांगतो.

कुणी ‘निवांत माणूस’ही सुचवलंय म्हणे. रंकाळ्यावर ‘काय चाललंय?’ला ‘निवांत!’ ठीक आहे. दर रविवारी तीस पोरं सांभाळणारा माणूस निवांत कुठला?

मसुद्यात आणखी एक वाक्य आहे: ‘त्यांना महत्त्वाकांक्षा नव्हती.’ तेही काढा. १ थेस्सलनीकाकरांस ४:११ मध्ये शांत राहण्याबद्दल पौल जे क्रियापद वापरतो, ते फिलोतिमेइस्थाइ. त्याचे घटक ‘आवड’ आणि ‘मान’. मानासाठी धडपडणाऱ्याचं क्रियापद त्यानं गुपचूप आपल्या हातांनी काम करणाऱ्याला लावलं. तेव्हा ‘शांतपणे काम करत राहण्याची त्यांची महत्त्वाकांक्षा होती’ असं लिहिता येईल. मानपत्र घ्यायला ते तयार झाले तर.